छान आहे. कुठलं आहे हे?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या चुलतभावाने अर्नाळ्याच्या आमच्या वाडीत चार खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांना भाड्याने द्यायला. खोल्यांचा रंग वाळायच्या आत त्याचा मला फोन आला. "तू डिझायनर ना? मग एक भारी पोस्टर कर. ते तुझ्या जुन्या ट्रेनवाल्यांचं असतं, तसं."

दादाला माझं वेड माहीत आहे. माझ्या लॅपटॉपवर 'रेल्वे' नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात शंभरेक वर्षांपूर्वीच्या रेल्वे-पोस्टरांचे फोटो भरलेले आहेत. विरार ते लोअर परळ रोजच्या प्रवासात, हात मोकळा असेल तर, मी तेच बघत असते. अंगावर चार माणसं रेललेली असताना फोनच्या पडद्यावर फ्रान्सचा एखादा रिकामा, निळाशार समुद्रकिनारा बघण्यात काय मजा आहे, हे विरार लोकलने जाणाऱ्यांना सांगायला नको.

पोस्टर दोन रात्रींत झालं. खाली गडद निळा समुद्र, वर केशरी आभाळाचे तीन पट्टे, मधोमध पाण्यातून उगवल्यासारखा किल्ला, डावीकडे सुरूची दोन उंच झाडं आणि एक शिडाची होडी. किनारा मोकळा. तळाशी इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव. दादा खूश झाला. वहिनीने स्टेटसला ठेवलं. ऑफिसमधल्या एकाने विचारलं, "हे खरंच तुझं गाव आहे?" तेव्हा मला जो अभिमान वाटला, त्याची आता थोडी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी काकी आली. काकी म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको. लग्न होऊन बंदरपाड्यावर आली त्याला पन्नास वर्षं होत आली. बोंबील सुकवणं आणि विकणं यातच तिचं आयुष्य गेलं. मी फोन तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ आणला, बराच वेळ बघितलं. मग मनापासून म्हणाली, "छान आहे गं. कुठलं आहे हे?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. नाव इंग्रजीत होतं आणि काकीची शाळा मराठी चौथीपर्यंतची.

मी फोन परत घेतला आणि माझंच चित्र नव्याने बघितलं. मी जिथून किल्ला काढला होता, तिथे उभं राहिलं तर दिवाळीच्या सुमाराला किल्ल्याआधी दिसतात ते बांबू. किनाऱ्यावर रांगेने रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. खाली टोपल्या, बाया, कावळे, कुत्री, दुरुस्तीला काढलेली जाळी. आणि वास, अर्थातच. हे सगळं मी पुसलं होतं. दादाने सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. माझ्या हाताने ते आपोआप केलं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मी जे केलं ती कला होती की आणखी काही? आणि ज्यांच्याकडून मी ही कला शिकले त्यांनी तरी काय केलं होतं?

आधी त्यांच्या बाजूने बोलते, कारण माझं त्यांच्यावर प्रेम आहे.

या पोस्टरांचं सौंदर्य वगळण्यातून आलेलं आहे, आणि वगळणं ही त्यांची गरजही होती. ती शिळाछापावर छापली जात. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरायचा. पुढे दगडांची जागा जस्ताच्या पत्र्यांनी घेतली, पण हिशोब तोच राहिला. एक रंग वाढला की एक छपाई वाढली, खर्च वाढला. म्हणून चित्रकार सहा-सात सपाट रंगांतच विचार करायला शिकले. शिवाय बघणारा गाडी पकडायच्या घाईत. त्याच्याजवळ चार सेकंद असणार. त्या चार सेकंदांत चाळीस इंच उंचीच्या कागदाने त्याला थांबवायचं, तर जे अगदी आवश्यक आहे तेवढंच ठेवावं लागतं.

कासांद्र या चित्रकाराचं १९२७ सालचं 'एत्वाल द्यू नॉर', म्हणजे 'उत्तरेचा तारा', हे पोस्टर बघा. पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या गाडीची ती जाहिरात आहे आणि तिच्यात गाडीच नाही! आहेत फक्त रूळ. ते तुमच्या पायाशी सुरू होतात, दूर क्षितिजाकडे निमुळते होत जातात आणि तिथे एक तारा असतो. एवढंच. डबे नाहीत, इंजिन नाही, माणूस नाही. तरी ते बघताना पोटात तेच होतं जे गाडी सुटताना होतं. हे चित्र काही लपवतं, असं मला कधीच वाटलं नाही.

मग लबाडी कुठे सुरू होते? जागा स्वतः न बघता तिचं चित्र काढलं की? इंग्लंडमधल्या स्केगनेस या समुद्रकाठच्या गावासाठी जॉन हॅसल याने १९०८ साली एक पोस्टर काढलं. गोलमटोल म्हातारा कोळी वाळूत आनंदाने उडी मारतो आहे. हॅसलला त्याचे १२ गिनी मिळाले. ते इंग्लंडातलं बहुधा सर्वांत लाडकं रेल्वे-पोस्टर. आणि हॅसल स्केगनेसला पहिल्यांदा गेला तो १९३६ साली. म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस वर्षं लोक त्याच्या चित्रावर विश्वास ठेवून तिथे जात राहिले आणि चित्रकाराने ते गाव पाहिलंच नव्हतं. तरीही गावाला त्यात फसवणूक वाटली नाही. उलट त्यांनी त्या कोळ्याला आपलंसं केलं, त्याचा पुतळाही उभारला. उडी मारणारा म्हातारा खरा नव्हता, पण त्याच्यामुळे गावातलं कुणी पुसलंही गेलं नव्हतं.

मी तर अर्नाळ्यात जन्मले. मला किनाऱ्यावरची प्रत्येक होडी ओळखता येते. हॅसलने न बघता काढलं, मी बघून पुसलं. माझा गुन्हा त्याच्यापेक्षा मोठा आहे.

फोल्डरमध्ये आणखी एक माणूस आहे, नॉर्मन विल्किन्सन. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी त्याने डोंगर, सरोवरं, बंदरं यांची अप्रतिम पोस्टरं रंगवली. पण त्याआधी पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्याने वेगळंच काम केलं होतं. जर्मन पाणबुड्यांपासून जहाजं वाचवण्यासाठी त्यांच्यावर काळे-पांढरे तिरकस पट्टे रंगवायची युक्ती त्याची. समुद्रात जहाज लपवता येत नाही, हे त्याला कळलं होतं. म्हणून त्याने ते उलट आणखी ठळक केलं, पण असं, की पाणबुडीवाल्याला जहाज दिसावं आणि ते कोणत्या दिशेने चाललंय ते मात्र कळू नये.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची 'व्हिजिट इंडिया' पोस्टरं आठवली.

इंग्रजी अमलात इंडियन स्टेट रेल्वेजची प्रसिद्धी कार्यालयं लंडनच्या हेमार्केटमध्ये आणि न्यूयॉर्कमध्येही होती. १९२० आणि ३०च्या दशकांत त्यांनी काढलेली पोस्टरं आज लिलावात चढ्या किमतीला जातात. ताजमहाल, बनारसचे घाट, राजवाडे, हत्ती. रंग असे, की कुणालाही मोह पडावा. त्यांत हिंदुस्थान लपवलेला नाही. उलट तो झगझगीत दिसतो. कळत नाही ते एवढंच, की या गाडीत बसून कोण, कसं, कुठे चाललंय.

ते कळायला दुसरीकडे बघावं लागतं. १९१७ साली, म्हणजे विल्किन्सन जहाजं रंगवत होता त्याच वर्षी, गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला. मुंबई-मद्रास मेल, भाडं १३ रुपये ९ आणे. डब्यावर २२ प्रवाशांची पाटी, आत तिच्याहून कितीतरी जास्त माणसं, झोपायला जागा नाही, घाण. त्यांनी साधा हिशोब मांडला. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सुख मिळतं का? आणि प्रवाशांकडून रेल्वेला मिळणाऱ्या पैशाचा मोठा वाटा याच तिसऱ्या वर्गाचा होता. पोस्टरं मात्र त्याच्यासाठी नव्हती.

आपली लाडकी डेक्कन क्वीन घ्या. १ जून १९३० रोजी ती मुंबई-पुणे धावू लागली, तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग जोडला गेला १९५५ च्या जूनमध्ये. घाटातून जाणाऱ्या त्या देखण्या गाडीकडे पंचवीस वर्षं बहुतेक माणसांनी बाहेरूनच बघितलं. तीही एक प्रकारे धावतं पोस्टरच होती.

माझी एक मैत्रीण आहे, तिला हे सगळं सांगितलं की ती म्हणते, "मग ते फोल्डर डिलीट कर ना. साम्राज्याच्या जाहिराती आहेत त्या. भिंतीवर लावायला लाज वाटली पाहिजे." ऑफिसमधला दुसरा मित्र म्हणतो, "तू जास्त विचार करतेस. चित्र आहे, चित्रासारखं बघ."

मला दोघांचंही पटत नाही, आणि कारण एकच आहे. दोघंही चित्राकडे पुरेसं बघत नाहीत. मैत्रिणीला पोस्टर कुणी छापलं तेवढं दिसतं. पण बनारसच्या पायऱ्यांवर एका चित्रकाराने पहाटेचा गुलाबी रंग किती हळुवार आणलाय ते तिला बघायचं नाही. मित्राला गुलाबी रंग दिसतो, पण त्या पायऱ्यांवरची माणसं बोटाएवढी आणि बिनचेहऱ्याची का आहेत, हे तो विचारत नाही. मला वाटतं, एखाद्या सुंदर गोष्टीवर खरं प्रेम असेल तर तिला असे प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो. प्रश्न विचारल्याने गुलाबी फिका पडत नाही. मी करून बघितलंय.

तर मग उपाय काय? वगळलेल्यांना चित्रात घेतलं की झालं?

काही महिने मला तसंच वाटत होतं. पण 'व्हिजिट इंडिया'त माणसं असतातच की. माहूत, फेटेवाले, घागरवाल्या. ती हत्तीवरच्या झुलीसारखीच सजावट म्हणून येतात. हा प्रश्न इंग्रजांपुरताही नाही. आपले महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले १८६७ साली कोल्हापुरात. विरारहून बॅकबेला पहिली लोकल धावली तीही त्याच वर्षी, १२ एप्रिलला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला आणि तिथेच शिकवलेला हा माणूस. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यांच्याइतक्या मायेने फार थोड्यांनी टिपली असतील. तरी १९२० साली ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी स्त्रियांची चित्रं काढली, तेव्हा चित्राखाली नाव आलं ते जातीचं, प्रांताचं किंवा धंद्याचं. बाईचं नाही. पदराची चुणी न् चुणी खरी, पण ते पुस्तक तिच्या हातात पडेल असं कुणीही धरलेलं नव्हतं.

इथे मला गोष्ट उलगडल्यासारखी वाटली. या चित्रांत जो दिसतो त्याच्याशी चित्र बोलत नाही, आणि ज्याच्याशी बोलतं तो चित्रात नसतो. बनारसचा नावाडी पोस्टरमध्ये आहे, पण 'या' हे आमंत्रण त्याला नाही. आमंत्रण हेमार्केटमधून चालणाऱ्या साहेबाला. माझ्या अर्नाळ्याचंही तसंच. काकी मला चित्रात नको होती, आणि चित्र बघणारी म्हणूनही ती माझ्या मनात नव्हती. मी नाव इंग्रजीत लिहिलं तेव्हाच ते ठरलं होतं.

याच्या उलट उदाहरण शोधायला गेले तर मला पोस्टर सापडलं नाही. सापडला एक फोमचा पट्टा. 'तिसरा वर्ग' हे नाव रेल्वेने १९७४ साली काढून टाकलं, पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात झोपायला लाकडी फळ्याच होत्या. १९७७ साली राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या काळात त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम आला. कुणी त्याला कला म्हणणार नाही. पण ज्याने तो विचार केला त्याच्या डोळ्यांसमोर रात्रभर कूस बदलणारा एक माणूस नक्की होता. ती वस्तू त्याच्याशीच बोलत होती. पोस्टरला जे साधलं नाही ते दोन इंचांनी साधलं.

म्हणून मी दुसरं पोस्टर करायला घेतलं.

या वेळी आधी किनाऱ्यावर जाऊन बसले. लॅपटॉप नाही, वही घेऊन. दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे बांबू चित्रात आले की चित्र बिघडत नव्हतं, उलट सुधारत होतं. किल्ल्याची तटबंदी आडवी, समुद्र आडवा, आभाळाचे पट्टे आडवे. पहिल्या चित्राला मी सुरूच्या झाडांचा आधार दिला होता तो याच कारणाने. इथे तर किनाऱ्याने स्वतःच उभ्या रेघांची रांग देऊन ठेवली होती. कासांद्रने ती आनंदाने वापरली असती. म्हणजे मी जे वगळलं ते सौंदर्यासाठी वगळलं, हा माझा समजही खोटा होता. मी ते सवयीने वगळलं होतं. 'सुंदर किनारा' म्हणजे रिकामा किनारा, हे मी इतकी वर्षं त्या फोल्डरमधून शिकले होते.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी होती. बोंबील काढताना मला मजा येऊ लागली. चंदेरी, गुलाबी, लयीत टांगलेले. आणि लगेच भीती वाटली, की आता मी काकीच्या कष्टाची नक्षी करतेय. पहिल्या चित्रात ती नव्हती, दुसऱ्यात ती झुलीसारखी आली तर त्यात फरक काय?

या प्रश्नाचं उत्तर मला एकटीला देता येईना. म्हणून चित्र पुरं झाल्यावर, दादाच्या आधी, काकीला दाखवलं. या वेळी नाव मराठीत होतं. मागे निळ्याजांभळ्या ढगांचे थर होते, कारण चंदेरी बोंबलांमागे गडद रंग उठून दिसतो.

काकीने चष्मा लावला. फोन लांब धरला. आणि लगेच म्हणाली, "हे आपलं. पण आभाळ असं भरून आलंय आणि बोंबील बाहेर? आम्ही काय झोपलेलो?"

मला आधी कळेना. मग तिने समजावलं. असं आभाळ दिसलं की हातातलं काम टाकून सगळ्या बाया किनाऱ्याकडे धावतात. भिजलेला बोंबील फुकट जातो. अवकाळी पावसाच्या एका सरीने हंगामाचा पैसा जातो. "एवढे ढग आणि दोरीवर माल, आणि एक बाई धावताना दिसत नाही," ती म्हणाली. "हे कोण बघून काढलंस?"

मग तिने फोन बोटाने मोठा केला आणि बाकीच्या चुका काढायला बसली. या टोकाला कुणी बांबू रोवत नाही, उधाणाला पाणी येतं. टोपली अशी उघडी ठेवत नाहीत, कावळे आहेत ना. शिडाची होडी? "शीड बघून किती वर्षं झाली. इंजिन काढ की." अर्धा तास चालू होतं. पहिल्या चित्राला ती दोन वाक्यांत 'छान' म्हणून मोकळी झाली होती.

लोकलमध्ये परत येताना मी त्या दोन प्रतिक्रियांचा विचार करत होते. पहिल्या पोस्टरमध्ये काकीला एकही चूक सापडली नव्हती. सापडणार कशी? ते तिचं नव्हतंच. न पाहिलेल्या गावाच्या चित्रात कोण चूक काढतं? दुसऱ्यात तिला दहा चुका दिसल्या, कारण ते चित्र तिच्याशी बोललं आणि ती उलट बोलली.

आता जुनी पोस्टरं बघताना मी हाच एक प्रश्न विचारते. ज्याचं हे चित्र आहे त्याला यात चूक काढायची सोय होती का? हॅसलच्या कोळ्याबद्दल स्केगनेसची माणसं बोलू शकत होती. ते पोस्टर त्यांच्याच देशात, त्यांच्याच भाषेत लागलं होतं. बनारसच्या नावाड्याला ती सोय नव्हती. त्याचं चित्र त्याला न दाखवता हजारो मैल दूर टांगलं गेलं. रंग दोन्हीकडे सुंदर आहेत. मी दोन्ही ठेवली आहेत. पण एकाकडे बघताना मी नुसती हसते, आणि दुसऱ्याकडे बघताना त्या नावाड्याने यात काय काय चुका काढल्या असत्या, त्याचा अंदाज करत बसते. वल्हं असं धरत नाहीत, म्हणाला असता कदाचित.

शेवट गोड झाला असं सांगता येत नाही. दादाने इन्स्टाग्रामवर पहिलंच पोस्टर टाकलं आणि बुकिंग त्यावरच येतं. एक कुटुंब खोलीत बॅगा ठेवून बाहेर आलं आणि म्हणालं, "वासाचं आधी सांगायला हवं होतं." दादाने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. माझ्या चित्राने काकीला वगळलं होतं आणि त्यांना फसवलं होतं, दोन्ही एकाच वेळी. दुसरं पोस्टर जेवायच्या जागी भिंतीवर लावलंय. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून विचारतात, हे बांबू कसले? मग वहिनी सांगते, आणि कधी कधी बोंबीलही विकले जातात.

त्यातलं आभाळ मी बदललं. आता ते निरभ्र आहे, फिकट पिवळं. माझ्या डोळ्यांना जांभळंच बरं वाटत होतं, अजूनही वाटतं. रंग म्हणून ते चांगलं होतं. पण त्या आभाळाखाली काकी इतकी निवांत उभी राहिली नसती.

इंजिनाची होडी मात्र अजून जमलेली नाही. ती काढली की चित्रात काळा धूर येतो आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही. काकी दर वेळी विचारते, "झाली का होडी?" मी म्हणते, काढतेय.